केशरी आकाशाचा साचा

आमच्या बाबांनी व्हिडिओ गेमला आयुष्यात कधी व्हिडिओ गेम म्हटलं नाही. ते साचा म्हणायचे, आणि घरात मालवणीच चालत असल्यामुळे साचो. "ए पोरा, साचो सोड. तुझी पाळी संपली." साचो म्हटलं की रांगेतली पोरं फिदीफिदी हसायची आणि मी लाजायचे; पाळीला तर शरमेने लाल व्हायचे, कारण त्या शब्दाचा दुसरा अर्थ मला नुकताच कळला होता. बाबांना बापड्यांना एकच अर्थ ठाऊक: पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. गिरणीत कापड विणायच्या यंत्राला साचा म्हणतात, आणि बाबा साचेवाले होते. गिरणी बंद पडली तशी त्यांनी घाटकोपरच्या आमच्या चाळीतली पुढची खोली रिकामी केली, आम्ही सगळे मागच्या खोलीत कोंबले गेलो, आणि पुढे आल्या मशिनी. माणसाच्या उंचीची लाकडी कपाटं, छातीपाशी काच, काचेखाली हँडल आणि बटणं. रुपया टाका आणि मारामारी सुरू करा. बाबा त्या कपाटांमधून हात मागे बांधून फेऱ्या मारायचे, साचेखात्यात मारायचे तशाच.

त्यातली एक मशीन म्हणजे आमच्या पार्लरची शान होती. गेम तसा साधाच. एक गडी शहराच्या रस्त्यावरून चालत निघतो आणि वाटेत येईल त्याला बुकलतो. पण त्या शहराचं आकाश केशरी होतं. पेटलेलं, रसरशीत केशरी. पिंप फुटून आग लागली की ज्वाळा निळ्या. आणि तो गडी अंगाने निळसर. आमच्या चाळीतली पोरं म्हणायची, हा कृष्ण. मागच्या वस्तीतली बौद्ध पोरं म्हणायची, चल ए, निळा म्हणजे आमचा. यावरून खरीखुरी भांडणं व्हायची, कॉलर धरली जायची, आणि मग तेच दोघं शेजारी शेजारी उभे राहून दोन हँडलांवर एकत्र खेळायचे. विक्रोळीहून पोरं यायची ते आकाश बघायला. पैसे नसले तरी नुसती मागे उभी राहायची. मला वाटायचं, गेम बनवणाऱ्यांनी मुद्दाम संध्याकाळ केली आहे. काय डोकं असेल त्यांचं, असं मला फार वाटायचं.

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, मग हातोहाती मोबाइल, आणि पार्लरचं शटर खाली आलं. बाकीच्या मशिनी विकल्या गेल्या. ही तेवढी राहिली. गिऱ्हाईक नव्हतं असं नाही, बाबांनी दिली नाही. नंतर कधीतरी ती बंद पडली. तिच्यावर चादर आली, चादरीवर तांदळाचा डबा, डब्यावर इस्त्री. आई तिला मढं म्हणायला लागली.

आता चाळच पडणार आहे. बिल्डरने सगळ्यांना भाड्याने जागा बघायला सांगितलं, आणि मी आईबाबांसाठी मुलुंडला, माझ्याच बिल्डिंगच्या मागे, दोन खोल्या बघितल्या. सामान आवरता आवरता आईने तो प्रश्न विचारला, जो सगळेच टाळत होते.

"ह्या मढ्याचा काय करूचा?"

बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "चललो तर नेवया. नाय चललो तर भंगारात."

एवढंच. पण मी बाबांना ओळखते. गिरणी विकली तेव्हा तिथले साचे गॅसकटरने कापून ट्रकात भरत होते, आणि बाबा रोज जेवून उठले की तिथे गेटवर जाऊन उभे राहायचे. कोणी बोलावलं नव्हतं, काही मिळणार नव्हतं. शेवटचा ट्रक गेला त्या दिवशी घरी आले आणि आईला म्हणाले, चलत नाय तो साचो न्हय, लोखंड. मग कितीतरी दिवस ते जेवताना बोललेच नाहीत. आता या वयात आपल्या दारातून दुसरा साचा भंगारात जाताना त्यांनी बघावा, हे मला सहन होणार नव्हतं. म्हणजे काय, तर मशीन चालली पाहिजे. टेम्पो यायचा होता रविवारी, आणि त्याच सकाळी भंगारवालाही.

"मी चालू करते," मी म्हटलं.

"तुझा डोक्या फिरला काय गो?" आई म्हणाली.

फिरलं होतं थोडं. पण मी अगदीच अडाणी नाही. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मी असिस्टंट आहे. पोरांनी बिघडवलेले मीटर आणि पॉवर सप्लाय दुरुस्त करण्यात माझी अर्धी नोकरी गेली. सोल्डरिंग मला पोळी लाटण्यापेक्षा बरं जमतं, हे माझा नवराही मान्य करेल. तो त्या दिवशी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून मला सल्ले देत होता.

"यार, एवढी कटकट कशाला? आतलं सगळं काढून टाक, एलसीडी लाव, आत छोटा कॉम्प्युटर ठेव. झकास! हजार गेम येतील."

"तुला उठून मशीन पुढे ओढायला मदत करायची आहे, की तिथून उंटावरून शेळ्या हाकायच्या आहेत?"

उठला बिचारा. दोघांनी मिळून ती पुढे ओढली. देवा रे, केवढी जड! मी मागची फळी काढली, बॅटरी आत मारली, आणि डोकं आत घातलं.

मी त्या घरात वाढले. त्या मशीनला टेकून अभ्यास केला. पण तिचं पोट मी कधी बघितलं नव्हतं. वरच्या बाजूला पिक्चर ट्यूब, तिचा मागचा भाग निमुळता होत गेलेला, आणि शेवटी अंगठ्याएवढी जाड काचेची मान. तिच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे, इतके नीट की हाताने घातले असतील यावर विश्वास बसू नये. खाली आडवा बोर्ड, त्यावर काळ्या चिपांची रांगच्या रांग. सगळ्यावर मऊ राखाडी धूळ, आणि कोपऱ्यात उंदराचं जुनं घर. आणि बोर्डाच्या बाजूच्या लाकडावर हळदकुंकवाची बोटं. एकावर एक, थरावर थर, जाड झालेली. दर दसऱ्याला आई मशिनींची पूजा करायची, बाहेरून करते असं मला वाटायचं. ती फळी काढून आतूनही करायची.

"मग? देवाक भायरसून नमस्कार करतंत काय?" आई म्हणाली.

त्या कुंकवाला मी हात लावला नाही. बाकी सगळं ब्रशने झाडलं. ट्यूबला हात लावण्याआधी तिच्या अंगात मुरलेली वीज काढून टाकावी लागते, नाहीतर बंद मशीनही माणसाला भिंतीवर फेकते. स्क्रूड्रायव्हरला अर्थिंगची वायर बांधून मी तो ट्यूबच्या लाल टोपीखाली सरकवला. ठिणगीसुद्धा उडाली नाही. इतकी ती शांत झाली होती की मला उगाच वाईट वाटलं.

मग मला त्या गाठी दिसल्या.

बोर्डावरून ट्यूबकडे तीन वायरी जातात, लाल, हिरवी आणि निळी. याच तिघी चित्राचे रंग नेतात. त्या तिन्ही उंदराने कुरतडल्या होत्या, मशीन आमच्याकडे यायच्या आधीच असणार, कारण बाबांनी ती बंद पडलेली, स्वस्तात घेतली होती; आणि त्या जोडल्या होत्या गाठी मारून. सोल्डर नाही, कनेक्टर नाही. तांब्याचे केसासारखे धागे सोलून त्यांची एक बारीक, चपटी गाठ, आणि वरून पांढऱ्या सुताचे वेढे. ती गाठ मी ओळखली. आईचं मंगळसूत्र तुटलं, माझी परकराची नाडी तुटली, पतंगाचा मांजा तुटला की बाबा हीच गाठ मारायचे. दोन बोटांत टोकं धरायची, अंगठा एकदा फिरवायचा, ओढायचं, झालं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत. साचेवाल्याची गाठ. ताण्यातला, म्हणजे साच्यावरच्या उभ्या धाग्यांतला, एक धागा तुटला की साचा थांबतो, आणि साचा थांबला की पगार थांबतो, म्हणून ही गाठ त्यांच्या बोटांत कायमची बसलेली. आणि मजा अशी की बाबांच्या खात्यात त्या धाग्यालाही तारच म्हणत. "तार तुटली." मग मशीनमधली तार तुटल्यावर त्यांनी दुसरं काय करावं? तार म्हणजे तार. तुटली की गाठ मारायची.

मी एकटीच खुदकन हसले. मग नीट बघितलं तर आणखी गंमत. लाल वायर निळीला बांधलेली, निळी लालला. हिरवी तेवढी हिरवीला, तीही बहुतेक नशिबानेच. बाबांची गिरणी कोऱ्या कापडाची. हजारो तारा, आणि सगळ्या एकाच रंगाच्या, म्हणजे बिनरंगाच्या. जोडताना रंग बघायचा असतो हे त्यांच्या हातांना कोणी शिकवलंच नव्हतं.

"धन्य आहात बाबा," मी पुटपुटले, कात्री घेतली, तिन्ही गाठी कापल्या, आणि लालला लाल, निळ्याला निळी, चकचकीत सोल्डर करून टाकली. गाठींचं तांबं आतून हिरवं पडलं होतं, तसंही ते टिकलं नसतं. बाबा तेव्हा मागच्या खोलीत झोपले होते. मी काम करत असताना ते पुढे येतच नव्हते. पाण्याचा तांब्या घ्यायलाही आईला पाठवायचे.

मग साकीनाक्याला फेऱ्या. तिथल्या वर्कशॉपच्या गल्ल्यांत एका दुकानात जुन्या टीव्हीचे सुटे भाग अजून मिळतात. ट्यूबच्या सर्किटमधले बरेचसे कपॅसिटर पोट सुटल्यासारखे फुगले होते, ते सगळे बदलले. हँडलखालचे स्विच गंजले होते, ते उघडून घासले. कॉलेजमधून आले की घाटकोपरला उतरायचं, काम करायचं, आईच्या हातची पेज प्यायची आणि मुलुंडला घरी. नवरा म्हणाला, तू माहेरी परत राहायला गेलीस काय? मी म्हटलं, गेले, आणि तिथे जेवण आयतं मिळतं.

पहिल्यांदा वीज दिली तेव्हा चित्र आलं नाही. पण काचेच्या मानेत एक लहानसा निखारा लागला, हळूहळू उजळला. माझ्या हातावरचे केस काचेकडे ओढले गेले. आणि मग काळ्या काचेच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक रेघ उमटली. एकच. आडवी, पांढरी, डोळे दिपतील अशी. मी नुसती बघत राहिले. दहावीची परीक्षा पास झाल्यासारखं वाटत होतं, खरं तर झाले होते नापास, कारण चित्र पूर्ण उघडत नव्हतं.

"ह्या काय?"

बाबा दारात उभे होते. रेघेचा उजेड मागच्या खोलीपर्यंत गेला असणार.

"चित्रच आहे बाबा, पण उघडत नाहीये. सगळं एका रेघेत अडकलंय."

"चित्र रेघेत कसा मावात?"

मग मी त्यांना सांगितलं. इतकी वर्षं मी पोरांना लॅबमध्ये हे सांगते, पण त्या दिवशी सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. आत चित्र नसतंच बाबा. कधीच नव्हतं. मागून एक ठिपका सुटतो. तो काचेवर डावीकडून उजवीकडे धावतो, एक रेघ काढतो, परत डावीकडे येतो, जरा खाली सरकतो, दुसरी रेघ. अशा शेकडो रेघा, आणि हे सगळं आपली पापणी लवायच्या आत कितीदा तरी. ठिपका एकच. तो इतका धावतो म्हणून आपल्याला आकाश दिसतं, रस्ता दिसतो, माणूस दिसतो. आता त्याचं खाली सरकणं बंद पडलंय, म्हणून तो एकाच जागी येरझारा घालतोय.

बाबांनी त्या रेघेसमोर हवेत बोट इकडून तिकडे फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे धोटो."

धोटा म्हणजे साच्यातली ती लाकडी नळी, जी आडवा धागा घेऊन ताण्यामधून इकडून तिकडे धावते. एक फेरी, एक धागा. कापड एका रेघेने खाली सरकतं. परत फेरी.

"हो," मी म्हटलं. "धोटाच."

"अरे माझ्या देवा," बाबा म्हणाले. "म्हणजे ह्यो खराच साचो!"

आयुष्यभर ज्या शब्दाला पोरं हसली, मी लाजले, तो शब्द बरोबर होता. म्हणताना त्यांना माहीत नव्हतं, ऐकताना मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं त्या रेघेपुढे देवळात उभे असल्यासारखे उभे होतो. त्या दिवसापासून बाबा स्टूल घेऊन माझ्या शेजारी बसायला लागले. काही विचारायचे नाहीत, नुसते बघायचे. त्यांनी अंगात बाहेर जायचा शर्ट घातलेला असायचा. आशा धरली होती त्यांनी, आणि आता मला जास्तच भीती वाटायला लागली.

खाली सरकण्याचा बिघाड शुक्रवारी सापडला. बोर्डावर एक टाका सुटला होता, केसाएवढी चीर. तो परत लावला. आईला बोलावलं, बाबा स्टुलावर, नवराही कामावरून थेट आला होता. मी बटण दाबलं. निखारा लागला, काच चरचरली, आणि रेघ वर-खाली उघडत गेली. आलं! शहर आलं, रस्ता आला, दुकानं आली, तो गडी चालत आला. आणि वर आकाश. निळं. स्वच्छ, पाऊस धुऊन गेल्यावर असतं तसं निळं.

क्षणभर मला चुकल्यासारखं वाटलं. मग म्हटलं, अगं, तेव्हाच ट्यूब म्हातारी असेल, रंग बिघडले असतील, आपण तो जुना आजारही बरा केला. गडी गोरा, शर्ट लाल, आग भगव्या रंगाची. किती सुंदर! नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. "मान गये बॉस!" आईने तोंडावर पदर धरला. मी बाबांकडे वळले. शाबासकी हवी होती मला, खोटं कशाला बोलू? पन्नाशीला आले तरी हवी होती.

बाबांचा चेहरा उतरला होता.

"कोणाचो बोर्ड घातलंस?"

"कोणाचा म्हणजे? तोच आहे बाबा. आपलाच."

"ह्यो आमचो साचो न्हय." ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "चांगला केलंस. पण ह्यो दुसरो कोणाचो तरी. रवान दे. भंगारवाल्याक बोलावलेला हा, घेवन जाऊ दे तेका."

आणि मागच्या खोलीत गेले. शर्ट काढून खुंटीला लावल्याचा आवाज आला.

मी जी तडकले! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. इतके दिवस बोटं भाजून घेतली, साकीनाक्याचे खेटे घातले, चित्र आणलं, आणि हे म्हणतात दुसऱ्या कोणाचा! "चालला तर नेऊ म्हणाला होतात ना? चाललाय! अजून काय करू, आरती ओवाळू?" मी तिथूनच ओरडले. नवऱ्याने हळूच माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला, शहाणा आहे तो.

मी स्टुलावर बसले आणि त्या निळ्या आकाशाकडे रागाने बघत राहिले. गोरा गडी उभा होता, रुपयाची वाट बघत. हा कोण? हा ना कृष्ण, ना मागच्या वस्तीतल्या पोरांचा. याच्यासाठी कोणी कॉलर धरली नसती. विक्रोळीहून याला बघायला कोण आलं असतं? निळं आकाश तर बाहेरही आहे, फुकट.

आणि मग ट्यूब पेटली, माझ्या डोक्यातली. लाल निळीला. निळी लालला. अगं बाई! निळ्याच्या जागी लाल गेला की आकाश केशरी होणार, आणि ज्वाळा निळ्या होणार, आणि गोरा माणूस निळसर. कोणी मुद्दाम संध्याकाळ केली नव्हती. मी लहानपणी ज्या डोक्याला मनातल्या मनात नमस्कार करत होते, ते डोकं मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलं होतं. बाबांच्या चुकलेल्या दोन गाठींचं ते आकाश होतं, आणि ते मी कात्रीने कापून टाकलं होतं.

सोल्डर करून उलटं जोडणं मला दोन मिनिटांचं काम होतं. सोल्डरिंग आयर्न गरमही होतं. पण हात पुढे होईना. मी मशीन बंद केली, प्लग काढला, माझे ते चकचकीत जोड कापले, वायरींची टोकं सोलली आणि मागच्या खोलीत गेले.

"बाबा, तार तुटली आहे."

ते वळले. माझ्याकडे बघितलं, थट्टा करते की काय म्हणून. मी थट्टा करत नव्हते.

पुढे येऊन ते मशीनच्या मागे जमिनीवर बसले. मी बॅटरी धरली. त्यांची बोटं आता वाकडी झाली आहेत, शर्टाचं बटण लावायलाही वेळ लागतो, आई लावून देते. पहिली गाठ सुटली. दुसऱ्यांदा टोक निसटलं. मी मनात म्हणत होते, देवा, एवढी एक गाठ बसू दे. बाबांनी डोळे मिटले. खरंच मिटले. मग अंगठा एकदा फिरला, माझ्या डोळ्यांना दिसलाही नाही, आणि गाठ ओढली गेली. बारीक, चपटी, तीच. मी न बोलता लाल वायरीसमोर निळीचं टोक धरलं, आणि त्यांनी तेही न बघता बांधलं. मग हिरवी. आईने सुताचं रीळ आणून दिलं, कोणी सांगायच्या आधी. बोटांत हे कुठे राहतं? इतकी वर्षं, कोणी विचारलं नाही, कशाला लागलं नाही, आणि तरी तिथेच. मला वीज समजते, हे नाही समजत.

मी प्लग लावला.

निखारा, चरचर, रेघ, आणि उघडलं. केशरी! पुढची खोली केशरी झाली, आईचा चेहरा, भिंतीवरचे पोपडे, बांधून ठेवलेली खोकी, सगळं. निळसर गडी रस्त्यावर उभा, मागे निळ्या ज्वाळा. माझा नवरा, ज्याने हे कधीच बघितलं नव्हतं, तो हळूच म्हणाला, "आईशप्पथ." एलसीडीचं नाव त्याने परत काढलेलं नाही.

बाबा हात मागे बांधून उभे होते.

"टेम्पोवाल्याक सांग," ते म्हणाले, "ह्यो उभोच न्हेवचो. आडो घालूचो नाय."

भंगारवाल्याला आम्ही जुनी खुर्ची आणि पत्र्याचे डबे दिले.

रविवारी मशीनला गोधड्या बांधत होतो तेव्हा मी त्यांना विचारलं, कारण मला राहवेना. "बाबा, रंग उलटे आहेत हे तुम्हाला तेव्हा कळलंच नव्हतं का?"

"कळला नाय कसा? मेकॅनिकान पयल्याच आठवड्यात सांगितल्यान. काका, तारा चुकल्या, दोन मिनटात सरळ करून दितंय. मीच म्हटलंय, नको."

"का पण?"

ते गोधडीची दोरी ओढत होते.

"गिरणीत एक तार चुकली तर कपडो टेबलार पसरून सगळ्यांदेखत दाखवीत. बघा, ह्या कोणी केला. पगार कापीत. सगळी उमर माझी चूक माका दाखवल्यानी." त्यांनी दोरीला गाठ मारली, ही साधी, जाड. "आणि हय चूक केलंय, तर पोरां रांग लावन उभी रवली. बघूक. असा आयुष्यात एकदाच झाला गो. ता कशाक सरळ करू?"